अज्ञात इसमांचा ठराव

शिरुम्बा, ९ फेब्रुवारी २०१८

मिदेवा पोरी,

आधी ओळख करून देते, कारण तू विसरली असशील. मी तुझी गुकू, म्हणजे तुझ्या बापाची आई. नाव दोरिका. ठेंगणी, उजव्या पायाने लंगडणारी, क्वेकर पंथाच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून सगळ्यांच्या पुढे गाणारी. चार महिने झाले, तुझं एक अक्षर नाही. तिकडे थंडीत शाई गोठते असं कोणीतरी सांगितलं. पण गेल्या आठवड्यात तू बापाला फोनवर नव्या बुटांबद्दल अर्धा तास सांगत होतीस, तेव्हा जीभ तरी गोठलेली नाही.

मीही फोनवरच बोलावं म्हणशील. फोन तुझ्या बापाचा. मी बोलायला लागले की एलिशा शेजारी येऊन उभा राहतो, आणि गोष्ट रंगात येते न येते तोच म्हणतो, "पुरे आई, बॅटरी संपतेय." म्हणून पत्र. मला लिहिता येत नाही, हे तरी आठवत असेल. लिहितायत जावान मास्तर, आपल्या चर्चच्या मासिक सभेचे लेखनिक. आपण क्वेकर शपथ घेत नाही, कारण एरवीही खोटं बोलायचं नसतं. मास्तर तर इतके खरे की मी खोकले तरी लिहितात. (आजी खोकल्या.) बघ. शिवाय चार वाक्यं झाली की सभेत ठराव वाचतात तसं मोठ्याने वाचून विचारतात, "सगळ्यांना मान्य?" खोलीत मी आणि एक कोंबडी. कोंबडी अजून विचार करतेय.

पोरगी काय शिकते, असं लोक विचारतात. मी सांगते, भांडणांचा अभ्यास करते. सेलिफा गिरणीवाली म्हणाली, "त्याला विमान कशाला, माझ्या सुनेकडे दोन दिवस ठेवायची." इंग्लंडच्या क्वेकरांनी तुला शिष्यवृत्ती दिली, त्यांचे उपकार आहेत. पण एवढं विचार त्यांना: भांडणं इथे आणि अभ्यास तिकडे, ही वाटणी कोणी केली?

तुझी (अजूनही),
गुकू

•

इंग्लंड, ३ मार्च २०१८

प्रिय गुकू,

चुकले. कान धरते, तू तिथून ओढ.

इथल्या क्वेकरांचं सांगते. रविवारी प्रार्थनेला गेले. पाद्री नाही, ढोलकी नाही, गाणं नाही. वीस माणसं गोल करून बसलेली, सगळी गप्प. मला वाटलं कोणीतरी वारलंय. पाऊण तासाने एक आजोबा उठले, बागेत एक पक्षी दिसला असं म्हणाले आणि बसले. परत सगळे गप्प. मला राहवलं नाही. वाटलं, बिचाऱ्यांना सुरुवात कोणी करून देत नाहीये. उठले आणि आपलं गाणं म्हटलं, चारही कडवी, टाळ्यांसकट. कोणी हललं नाही. शेवटी एका बाईंनी माझे दोन्ही हात धरून मनापासून आभार मानले. पुढच्या रविवारी माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आता कामाचं. माझ्या मार्गदर्शक बाईंना मी शिरुम्बाची गोष्ट सांगितली. दहा वर्षांपूर्वी निवडणुकीच्या निकालानंतर देश पेटला, आपल्या नदीपलीकडच्या नांदी जमातीच्या लोकांची अकरा घरं जळाली, आणि सहा महिन्यांत तुम्ही क्वेकर बायकांनी दोन्ही काठांचं येणं-जाणं पुन्हा सुरू केलं. मी तेव्हा बारा वर्षांची, आईच्या माहेरी होते, त्यामुळे मला धड काही माहीत नाही. बाई म्हणाल्या, हाच तुझा प्रबंध. पुढे तो पुस्तकात छापायचा म्हणतायत.

तर गुकू, सांग. तुमची पद्धत कोणती होती? पायऱ्या किती? मध्यस्थ कोण? विश्वास नेमका कोणत्या पायरीवर निर्माण झाला? मला तक्ता भरायचाय. आणि मास्तर, २००८ पासूनच्या सभेच्या ठरावांच्या नकला मिळतील का?

तुझी,
मिदेवा

•

शिरुम्बा, २ एप्रिल २०१८

मिदेवा,

तुझं पत्र मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा सेलिफासाठी. टाळ्यांपाशी ती हसता हसता बाकावरून खाली बसली.

तिकडच्या लोकांना सांग, गप्प बसल्याने भांडण मिटत असतं तर माझा संसार स्वर्गात जमा झाला असता. तुझे आजोबा अकरा वर्षं गप्प होते.

पद्धत विचारतेस. जळिताच्या नंतर नैरोबीहून तीन माणसं आली, गळ्यात नावाचे पट्टे. दोन्ही काठांच्या लोकांना शाळेत बसवलं, भिंतीवर मोठा कागद लावला आणि म्हणाले, भांडणाचं झाड काढा. मुळं म्हणजे कारणं, फांद्या म्हणजे परिणाम. भावना शब्दांत लिहा. आमच्यातल्या निम्म्या माझ्यासारख्या, अक्षरशत्रू. पलीकडची जेलागात, जिचं घर जळलं ती, उठून म्हणाली, "माझं घर जळलं, ते कुठल्या फांदीवर लिहू?" त्यांनी आपसात विचार केला आणि तिला हिरवं पेन दिलं. संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. माझं मी कणगीच्या भोकाला लावलंय. चांगला कागद आहे, उंदीर येत नाही.

खरं झालं ते असं. बाजार बंद होता. आपल्याकडे दूध नव्हतं, त्यांच्याकडे रताळी नव्हती. आम्ही सातजणी टोपल्या घेऊन पुलावर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई आली ती शिव्या द्यायला. आम्ही ऐकून घेतलं. जागा सोडली नाही आणि उत्तरही दिलं नाही. तासाभराने तिचा घसा सुकला. सेलिफाने चहा दिला. चहा पिता पिता ती म्हणाली, "तुमची रताळी नेहमीसारखीच किडकी आहेत." ती पायरी पहिली, लिहून घे. आठव्या दिवशी दूध आलं. ती पायरी दुसरी. तिसरी नाही.

जेलागात पुलावर आली नाही. मी बसलेली असले की नाहीच. तिचा स्वभाव पहिल्यापासून तिखट. तिच्याबद्दल फार लिहू नकोस.

आणि ते ठराव मागवू नकोस. सगळ्या वह्या वाळवीने खाल्ल्या.

गुकू

(लेखनिकाची टीप: वाळवीने फक्त १९८७ सालची वही खाल्ली. बाकी सर्व वह्या माझ्या पत्र्याच्या पेटीत सुरक्षित आहेत. माझ्या हातून असत्य जाऊ नये म्हणून हे नमूद केले. आजींना ही टीप मान्य नाही. नकला सोबत जोडल्या आहेत. — जावान)

•

इंग्लंड, १९ मे २०१८

प्रिय गुकू,

मास्तरांना माझा दंडवत. नकला मिळाल्या, आणि मी थक्क झाले.

फेब्रुवारी २००८ च्या सभेत एक ठराव मांडला होता. उतरवून देते: "बाहेरून आलेल्या अज्ञात इसमांनी नदीपलीकडील अकरा घरे जाळली. सभेला त्याचे दुःख आहे. आपल्यापैकी कोणाचाही यात हात नाही." खाली मास्तरांचं अक्षर: "एका सभासदाचे मन मानत नाही. पुढील महिन्यात घ्यावे." मार्चमध्ये तेच. एप्रिलमध्ये तेच. गुकू, दहा वर्षं तेच आहे. दर महिन्याला ठराव वाचला जातो आणि दर महिन्याला कोणा एकाचं मन मानत नाही.

इथे वर्गात मला समजावून सांगावं लागलं की आपल्यात मतदान नसतं. सगळ्यांचं मन होईपर्यंत थांबायचं, आणि एकजण अडला की सगळे अडले. मार्गदर्शक बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांच्या शास्त्रात अशा माणसाला नाव आहे: खोडा. समेट झाला नाही तर ज्याचा फायदा, असा माणूस. म्हणाल्या, एक पूर्ण प्रकरण या खोड्यावर लिही. नाव वहीत नाही, पण "ती" असं एकदा चुकून आलंय, म्हणजे बाई आहे. सेलिफाच ना? वरून हसते आणि आतून दहा वर्षं राग धरून बसलीय. एका कडवट म्हातारीपायी अख्ख्या गावाच्या शांततेवर सही होत नाही, याची चीड येते मला.

बाबांशी बोलले. ते म्हणाले, बाहेरची माणसं दोन ट्रक भरून आली होती, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेच माझे मुख्य साक्षीदार. प्रबंधात त्यांचं नाव छापून येईल. जुलैअखेर मी येते, सगळं ध्वनिमुद्रित करीन, जेलागातकडेही जाईन. तोवर तू तो खोडा शोधून ठेव.

तुझी,
मिदेवा

•

शिरुम्बा, १० जून २०१८

मिदेवा,

खोडा सापडला. तो सध्या स्टुलावर बसून तुला पत्र सांगतोय.

सेलिफाची माफी माग. तिच्या पोटात राग राहत नाही, जेवण मावतं तेवढंच.

आता ऐक. मास्तर, तुम्हीही. ट्रक आले नव्हते. एकही नाही. त्या दिवशी वरच्या भागातून आपल्या माणसांना हाकलल्याच्या बातम्या आल्या, आणि दुपारी इथली पोरं शाळेच्या मैदानात जमली. दिवस मावळायला एलिशा घरी आला. भुवया जळलेल्या. अंगाला रॉकेलचा वास. मी काही विचारलं नाही. पाणी तापवून दिलं, सदरा धुऊन घरामागे वाळत घातला. पुढच्या बाजूला नाही, मागे. नदीपलीकडे धूर होता आणि कुठल्या घराचा ते मला चुलीजवळून उठल्याशिवायही कळलं असतं. एलिशाच्या जन्मानंतर माझं दूध आटलं होतं, तेव्हा चार महिने जेलागातने त्याला आपल्या गायीचं दूध पाजलं. मी ज्या घरी भांडं घेऊन जायची, ते घर.

(लेखनिकाने येथे लिहिणे थांबवले होते. आजी म्हणाल्या, "मास्तर, पेन संपलं की तुम्ही?")

पुढच्या महिन्यात ठराव आला: अज्ञात इसम. मान्य म्हणायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. नाव घ्यायला उघडलं, तेव्हाही आला नाही. मधलं काहीतरी बाहेर पडलं, "माझं मन मानत नाही." सभेने मान डोलावली. कोणी विचारलं नाही, का. आपल्यात विचारत नाहीत. माणसाच्या मनात प्रकाश पडेपर्यंत वाट बघतात. माझ्या मनात प्रकाश पहिल्या दिवसापासून होता, मीच त्यावर परात उपडी घातली होती. महिने जात राहिले. लोक म्हणायला लागले, दोरिकाबाई तत्त्वाला किती पक्क्या. मी ते ऐकून घेतलं. आवडलंही.

मी मेले असते तर ठराव मंजूर झाला असता. बेत तोच होता. तेवढ्यात तू तक्ता घेऊन आलीस, आणि तुझा बाप तुला ट्रक सांगतो, आणि ते ट्रक पुस्तकात छापणार, तुझ्या नावाने. मी तोंड मिटून राहिले ते माझ्या मुलासाठी. माझ्या नातीच्या हातून खोटं लिहून घेण्याइतकी मी अजून पक्की झालेले नाही.

एलिशाला सांगितलंय, जुलैच्या सभेत मी नाव घेणार. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाकीची दहा घरं ज्यांनी जाळली, त्यांच्या आया गप्प आहेत." मी म्हटलं, "त्यांना तुझ्या पोरीएवढी शहाणी नात नाही झाली." काल सामान बांधून सासुरवाडीला गेला.

तुझा प्रबंध बुडाला असेल तर तो माझ्यामुळे. लिही तसं.

गुकू

(लेखनिकाची टीप: वरील मजकूर वाचून दाखवला. आजी "मान्य" म्हणाल्या. त्या संध्याकाळी एलिशाला रिकामा कॅन घेऊन मैदानाच्या कडेने पळताना मी पाहिले होते. मला कोणी काही सांगितले नव्हते, म्हणून मी "अज्ञात" लिहिले. वाळवीबद्दल मी टीप जोडली होती. याबद्दल जोडली नव्हती. — जावान)

•

इंग्लंड, १ जुलै २०१८

गुकू,

बाबांना फोन केला. मी फक्त "ट्रकांचा रंग कोणता होता" एवढं विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

मार्गदर्शक बाईंना सांगितलं की प्रबंधाचा विषय माझा राहिला नाही. त्यांना वाटतंय मी आजारी आहे.

रविवारी तिथेच गेले, त्या गप्प लोकांत. या वेळी गायले नाही. तासभर एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती. बाबांनी काय केलं ते नाही. तू सदरा धुतलास आणि तो मागे वाळत घातलास. मला दर सुट्टीत त्याच दोरीवरचे धुतलेले कपडे घडी करायला लावायचीस.

मी जुलैत येत नाही. जेलागातला जाऊन सांगितलंस का, की तिला सोडून सगळ्यांना सांगणार आहेस?

मिदेवा

•

शिरुम्बा, ५ ऑगस्ट २०१८

मिदेवा,

तुझं पत्र लहान होतं आणि लागायचं तिथे लागलं. अभ्यास वाया गेलेला नाही.

नव्हतं सांगितलं. मुलाचं नाव चर्चमध्ये घ्यायची तयारी केली आणि ज्या बाईचं घर जळलं तिच्याकडे जायचं मला सुचलं नाही. म्हणजे बघ, तत्त्वाला किती पक्की. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला. दहा वर्षांनी. जेलागात दारात शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "सभेला ये, एक सांगायचंय." ती म्हणाली, "पाठ टेकायची खुर्ची असेल तर येते. तुमचे बाक म्हणजे शिक्षा आहे."

आली. आपल्या पोरांनी पाद्रीबाबांची खुर्ची तिला दिली. मास्तरांनी ठराव वाचला, बाहेरून आलेले अज्ञात इसम, आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. मी उठले. म्हटलं, "माझं मन मानत नाही, कारण त्यातला एक माझा एलिशा होता, आणि सदरा मी धुतला." मग चर्चमध्ये शांतता झाली. शिरुम्बात, मिदेवा, जिथे आम्ही दफनाच्या खड्ड्यापाशीसुद्धा गात असतो. तुझ्या इंग्रजांनाही बरं वाटलं असतं.

मास्तर उठले. म्हणाले, "मीही पाहिलं होतं," आणि "अज्ञात" शब्दावर रेघ मारली. रेघ पार खालच्या ओळीपर्यंत गेली.

तुझा बाप दारात उभा होता. सासुरवाडीहून केव्हा आला मला माहीत नाही. आत आला, जेलागातसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "होय." तेवढंच. तीच बोलली. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. आग लावायच्या आधी कोणीतरी माझं वासरू सोडून दिलं. मी ते घरामागे केळीत बांधायची. बाहेरच्या माणसाला ते कसं कळणार?"

मी म्हटलं, "मग दहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझं मन कधी मानतं ते बघत होते," ती म्हणाली. "दर महिन्याला विचारून घ्यायची, दोरिका काय म्हणाली म्हणून. मानत नाही म्हणाली की मला बरं वाटायचं. ज्या महिन्यात मान्य म्हणाली असतीस, त्या महिन्यात मी पोलिसांत गेले असते."

पोलिसांत आता जायचं का, असं मास्तरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "आधी माझा गोठा होऊ दे, मग बघते." तर एलिशा रोज पूल ओलांडून जातो आणि गोठा बांधतो. मदतनीस घ्यायचा नाही, ही तिची अट. ती समोर खुर्ची टाकून बसते. पाद्रीबाबांची; परत दिलेली नाही. भिंत तीनदा पाडायला लावली. पहिल्यांदा वाकडी होती. दुसऱ्यांदा सरळ होती, पण तिला तेव्हा ऊन लागत होतं. तिसऱ्यांदाचं कारण सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळी येतो तेव्हा हातांना फोड असतात. मी पाणी तापवून देत नाही. स्वतःच तापवतो, सदरा स्वतःच धुतो. पुढच्या बाजूला वाळत घालतो.

'अज्ञात' खोडलेला ठराव मंजूर झाला का विचारशील. नाही. आता तिघांचं मन मानत नाही. तिघं कोण ते वहीत लिहीत नाहीत, पण तिघांच्या आया मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसतात, आणि गेल्या रविवारी एकीलाही गाण्याचे शब्द आठवत नव्हते. सेलिफा त्यांना चहा करून देते. मीही थांबते. मला सवय आहे.

तुझा राग जायची वाट बघणार नाही. तो ठेव, पण येताना घेऊन ये. छापायचं असेल तर नावांसकट छाप. जेलागात म्हणते, तिचं नाव आधी आलं पाहिजे. तक्त्यात पायऱ्यांची जागा रिकामी राहत असेल तर वासराचं लिही.

आणि खायला पाठव. मागे तू पाठवलेल्या आल्याच्या कडक बिस्किटांनी सेलिफाची दाढ गेली, तसलं नको. जेलागातला खालचे दात उरलेले नाहीत. तिथे मनुका घातलेला मऊ केक मिळतो म्हणे, तो पाठव. दोन डबे, वेगवेगळे. एका डब्यातून खाण्याइतकं आमचं अजून झालेलं नाही.

गुकू